दोन फूट

मोजमाप घ्यायला गेलो होतो. नाशिकहून सकाळची एसटी,
पिशवीत टेप, ओळंबा, खडू
आणि नगरपालिकेचं पत्र:
इमारत धोकादायक आहे का ते कळवा.
धोकादायक कुणाला, ते पत्रात नव्हतं.

सिन्नरचं हे वाचनालय आधी तंबाखूची वखार.
काळ्या दगडाचं जोतं छातीएवढं,
ओल वर चढू नये म्हणून.
खिडक्या पार आढ्याजवळ,
तंबाखूला वारा लागतो,
बाहेरचं बघायचं नसतं तिला काही.
पुढं माणसं येऊन वाचत बसली
तरी खिडक्या खाली उतरल्या नाहीत.
दुपारी तीनच्या सुमाराला ऊन येतं,
वरच्या फळीवरल्या कोशांच्या पाठीवरून सरकतं
आणि काहीच न उघडता निघून जातं.

"कसर नाही लागत इथं," ग्रंथपाल इंदुमती वारुंगसे म्हणाल्या,
"वाळवीसुद्धा पायरीवरून परत फिरते."
एक जाड व्याकरण उघडून त्यांनी माझ्या नाकाशी धरलं.
शेवटचं पोतं उचललं त्याला सत्तर वर्षं झाली,
आणि षष्ठी विभक्तीला अजून जर्द्याचा वास.
मी शिंकलो.
"हळू," त्या म्हणाल्या, सवयीनं. वाचक एकच होता, तोही झोपलेला.

दारावर देणगीदारांची पाटी.
वखार रूपचंद भटेवरांची, सागाचे खांब कुणाचे,
कौलं कुणाची, घड्याळ कुणाचं (ते बंद),
आणि तळाला बारीक अक्षरांत: व कामगार.
दगड संपला असेल.
जमाखर्चाच्या वहीत मात्र सापडतं,
हजार विड्यांमागं एक पैसा,
दर शनिवारी, कापून.

मग टेप लावली.
लांबी जुळली. रुंदी जुळेना.
बाहेरून चोवीस. भिंती दीड-दीड फुटाच्या, तीन गेले.
आत एकवीस हवेत, भरले एकोणीस.
पुन्हा मोजलं. दुसरं टोक बाईंनी धरलं, चपला काढून.
एकोणीस.

उत्तरेची भिंत ठोकली, ती पोकळ बोलली.
भिंत नव्हतीच ती. कूड होता, वरून चुना.
नकाशांच्या कपाटामागं एक फळी निघाली,
आणि फळीमागं गेलेले दोन फूट:
एक बोळ, माणूस आडवा होऊन शिरेल एवढा,
त्यात दगडी बाक, मधोमध गुळगुळीत झालेला,
आणि बसलेल्या बाईचा कान जिथं येईल
तिथं कुडाला भोकं. चुन्यानं बुजवलेली.
कोपऱ्यात सुपाची मोडकी कड,
तेंदूच्या पानाचा भुगा.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "आमची कोंडामावशी अंगठाबहाद्दर.
पण लढाईतल्या गावांची नावं तोंडपाठ होती तिला,
कुठली कुठली, रशियातलीसुद्धा.
आम्ही पोरं हसायचो. म्हणायचो, मावशी थापा मारते."
तिन्हीसांजेला इथं कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचा, हे वहीत आहे.
पुरुष सतरंजीवर, हेही आहे.
बोळ नाही वहीत.
बाकाच्या वर रेघा होत्या, नखानं ओढलेल्या, पंचवीस-पंचवीसच्या.
विड्यांचा कट्टा पंचवीसचा असतो.
दुसरंही काही असेल. मी मोजायला आलो होतो, विचारायला नाही.

साडेचारची गाडी होती माझी.
ओळंबा सोडला. दोरा हलला नाही,
भिंती उभ्या होत्या तशा, सरळ.
अर्जाच्या कागदावर शेऱ्यासाठी एकच ओळ असते.
मी पेन धरून बसलो.

तेवढ्यात बाई बोळात शिरल्या, बाकावर बसल्या,
पेन्सिलीनं एका भोकातला चुना उकरला
आणि फळी ओढून घेतली.
आतून आवाज आला,
"वाचा काहीतरी. मोठ्यानं."

हातात नगरपालिकेचं पत्रच होतं. तेच वाचलं.
झोपलेला वाचक जागा झाला.
इमारत धोकादायक आहे का ते कळवा.
"येतंय ऐकू," त्या म्हणाल्या. "पुढं?"

पुढं काही नव्हतं.
मी सही वाचली. हुद्दा वाचला.
जावक क्रमांक वाचला.